वाघाच्या मावशीची मोजदाद

मांजर ही वाघाची मावशी, असे आपण मुलांना गमतीने सांगतो. पण ताडोब्याहून परतलेल्या माणसाला आपला एकच प्रश्न असतो : 'दिसला का?' कोण, हे सांगावे लागत नाही. मावशीची विचारपूस सहसा कोणी करत नाही. मला वाटते, ही सवय केवळ पर्यटकांची नाही. आपल्या साऱ्या वन्यजीव-विचाराचीच आहे.

कॅमेरा ट्रॅपचेच उदाहरण घ्या. झाडाच्या बुंध्याला बांधलेली ही लहानशी पेटी. समोरून उबदार अंगाचे जनावर गेले की आपोआप छायाचित्र निघते, तारीख-वेळेसह. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले. सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघाची ७६,६५१. हा आकडा गाजला, आणि गाजायलाच हवा होता. त्याच ढिगात लहान रानमांजरेही होती, पण ती ओघाने आलेली. कॅमेरे होते वाघाच्या वाटेवर, वाघाच्या उंचीने.

वाघाटीचे वजन जेमतेम दीड किलो. तांबूस ठिपक्यांचे हे मांजर जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढेच त्याचे जग. ते नीट टिपायचे तर कॅमेरा वीतभर उंचीवर आणावा लागतो.

शिवाय तो अभयारण्याबाहेरही न्यावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्ले सापडतात. जुन्नर भागात वनखाते आणि माणिकडोह केंद्रातील मंडळी ती तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात आणि दूर होतात. अंधारात आई येते, पिल्लू तोंडात धरून नेते. हे चित्र पाहिल्यावर पिल्लू उचलून घरी नेण्याचा मोह कोणाला होईल?

मला काळजी वाटते ती माळरानांची. सरकारी कागदावर माळ 'पडीक' ठरतो. मग रस्ता येतो, वसाहत येते. तेथे कोण राहते याचा पुरावाच नसेल, तर हरकत कशाच्या बळावर घ्यायची? तारीख-वेळेसह निघालेले एक छायाचित्र तेथे साक्षीदार ठरू शकते.

म्हणून वाघासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यांतले थोडे तरी बांधावर, ओढ्याकाठी, माळावर लावावेत. उंदीर मारून शेतकऱ्याचे धान्य राखणाऱ्या मावशीचा एवढा हक्क नक्कीच आहे. आणि उसात पिल्लू दिसले तर आपण ते उचलू नये; वनखात्याला कळवावे. त्याची आई बहुधा जवळच असते.