तोल जातो, तो कशाने?

नोव्हेंबर महिना म्हणजे निवृत्तिवेतनधारकांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. गेल्या खेपेस एका बँकेत अशीच लांबलचक रांग लागली होती. सत्तरीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, हातात कागदांची पिशवी, अडखळत दारापर्यंत आले आणि उंबरठ्याशी एकाएकी थांबले. पाऊल उचलेना. मागून कोणीतरी म्हणाले, "काकांनी सकाळीच घेतलेली दिसते!" चार-सहा जण हसले. मी हसले नाही. पण माझ्याही मनात तोच संशय येऊन गेला होता, हे कबूल करायला हवे. गृहस्थांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संकोचही नव्हता, त्यामुळे संशय बळावलाच.

त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "यांना कंपवात आहे. रांगेत गोळीची वेळ टळली."

कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. हात थरथरणे ही त्याची सर्वपरिचित खूण; परंतु काही रुग्णांत थरथर दिसतच नाही. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य कमी पडू लागले की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, आवाज क्षीण होतो आणि चेहऱ्यावर भाव उमटेनासे होतात. मनात लाजेने चूर झालेला माणूसही वरून निर्विकार दिसतो! दारात, अरुंद जागी किंवा वळताना पाय जागीच खिळतात. नवल असे की, सपाट फरशीवर अडकलेला हाच माणूस पुष्कळदा जिना विनासायास चढतो. गोळीचा अंमल असताना चालणे बरे, तो ओसरला की कठीण. बघणाऱ्याला हे सोंग वाटते.

अशा वेळी हात धरून ओढू नये, "चला, चला" म्हणून घाई करू नये. त्याने तोल जाऊन पडण्याची भीती असते. क्षणभर थांबू द्यावे. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला सांगावे, "एक, दोन" असा ठेका द्यावा, किंवा जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायला सांगावी. बाहेर पडताना पुढच्या वेळेची गोळी आणि पाणी जवळ असावे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात कंपवाताचा समावेश आहे, आणि दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पण रांगेत उभे राहून कायदा कोण सांगत बसणार? घरची माणसे दुसराच मार्ग धरतात: रुग्णाला बाहेर नेणेच बंद करतात. या आजारात रोजचे चालणे आणि व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. टोमणा मारणाऱ्याला याची कल्पनाही नसते. (बसमधील राखीव आसनावर बसलेल्या तरुण मुलीला आपण ज्येष्ठ मंडळी फटकारतो, तेव्हा तिच्या हृदयाचे दुखणे आपल्याला तरी कुठे दिसते?)

त्या दिवशी बाईंनी पतीचा दंड धरला, त्यांच्या पावलापुढे आपले पाऊल आडवे ठेवले आणि म्हणाल्या, "हे ओलांडा." त्यांनी ते ओलांडले आणि आत गेले. काम आटोपल्यावर बाईंनी खिडकीशी वाकून हलक्या आवाजात विचारले, "पुढच्या वर्षी दाखल्यासाठी तुमचा माणूस घरी येऊ शकेल का?"