आष्टीकारंजा नावाचा तालुका

वर्धा जिल्ह्यात तालुके किती? आठ. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. शाळेत घोकलेले आहेत, झोपेतही सांगेन. माझ्या प्रोग्रॅमच्या मते मात्र मागच्या ऑगस्टमधले चार दिवस ते सातच होते, आणि त्यातल्या एकाचं नाव होतं आष्टीकारंजा.

त्याचं असं झालं. आमच्याकडचे काही ओळखीचे लोक कपाशीत कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवतात. सलग ३ रात्री सापळ्यात रोज ८ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली असं धरतात आणि शेतकऱ्यांना तालुकावार एसएमएस जातात. ते पाठवणारी छोटीशी पायथन स्क्रिप्ट मी इकडे पुण्यात बसून वीकएंडला सांभाळतो. त्यात तालुक्यांची यादी एकाच लांबलचक ओळीत होती. एडिटरमधल्या ८० अक्षरांच्या उभ्या रेघेच्या बाहेर ती लोंबत होती आणि मला ते बघवेना. एका शनिवारी एंटर मारून मारून ती "नीट" केली. अशी:

तालुके = [
    "वर्धा", "सेलू", "देवळी",
    "आर्वी", "आष्टी"
    "कारंजा", "हिंगणघाट", "समुद्रपूर",
]

दिसली चूक? "आष्टी"नंतरचा स्वल्पविराम उडाला. आता कोणीही म्हणेल की पायथनने एरर द्यायला हवी होती. नाही देत ना! दोन स्ट्रिंग शेजारी-शेजारी दिसल्या की पायथन मुकाट्याने त्या जोडून टाकतो. आष्टीकारंजा तालुक्यात एकही फोन नंबर नाही, म्हणून तिथे शून्य मेसेज गेले. लॉगमध्ये "सर्व तालुके पूर्ण". मी खूश.

चौथ्या दिवशी कारंज्याहून मामाचा फोन. "काऊन रे बाप्पा, यंदा कारंज्यात बोंडअळी येणारच नाही का?"

हसलो आधी. मग पोटात गोळा आला. ही अळी एकदा बोंडात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे चार दिवस म्हणजे थोडे नाहीत. अर्धा तास तर मी भलतंच शोधत बसलो. कारंजा दोन आहेत, आपलं घाडगे आणि वाशीमचं लाड. नंबरांच्या यादीत ते दुसरं घुसलं असेल असं वाटलं. कोडकडे बघितलंच नाही, कारण त्यात मी "काहीच बदललं नव्हतं". नुसत्या ओळी तोडल्या होत्या!

गंमत म्हणजे शेजारच्या स्ट्रिंग जोडायचा हा नियम आला लांब ओळी तोडता याव्यात म्हणूनच. सी भाषेत तो १९८९च्या प्रमाणापासून आहे, पायथनने तिथूनच उचलला. २०१३ साली खुद्द गिडो व्हान रॉसमने हा नियम काढून टाकायचा का, असा विषय काढला होता; त्यालाही असाच गायब स्वल्पविराम शोधत बसावं लागलं होतं. नियम राहिला. पायलिंट या चुकीबद्दल टोकतो खरा, पण दोन्ही स्ट्रिंग एकाच ओळीत असतील तरच. ओळ बदलली असेल तर गप्प बसतो, वेगळा पर्याय चालू करावा लागतो. म्हणजे माझ्यासारख्यांचं कल्याणच!

ऑफिसमध्ये हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "फॉर्मॅटरवर सोड ना, हाताने कशाला तोडतोस?" मला हे पटत नाही. फॉर्मॅटरला ओळीची रुंदी कळते. तिथे स्वल्पविराम हवा होता हे त्याला कुठून कळणार? त्याने "आष्टी" आणि "कारंजा" सुबकपणे मांडले असते आणि चूक आणखीच सभ्य दिसली असती. आणि ही ८०ची रेघ तरी कुठली? १९२८च्या आयबीएमच्या पंचकार्डात ८० रकाने होते, तिथली. लिनक्स कर्नलवाल्यांनीसुद्धा २०२० मध्ये आपल्या तपासणीची मर्यादा १०० वर नेली. मी मात्र ऑगस्टच्या ऐन हंगामात तिच्यासाठी दोन तालुके एक केले.

माझं म्हणणं एवढंच की ओळ तोडणं ही साफसफाई समजू नये, तो कोडमधला बदलच आहे. तो तपासून घ्यावा, दुसऱ्याला दाखवावा. जावास्क्रिप्टमध्ये रिटर्न लिहून एंटर मारा आणि किंमत खालच्या ओळीत लिहा, फंक्शन काहीच परत देत नाही. पायथनमध्ये बॅकस्लॅशने ओळ तोडली आणि त्याच्यापुढे एक स्पेस राहिली तर ती डोळ्यांना दिसतही नाही. पण तिथे निदान एरर तरी येते, बिचारी. म्हणून कंसातच तोडावं, आणि यादी असेल तर एका ओळीत एकच नाव, शेवटच्या नावापुढेही स्वल्पविराम. ओळी आठ, तालुके आठ, बोटाने मोजता येतं. लांबलचक अटींचं मात्र निराळं आहे. चार "अँड" आणि तीन "ऑर" असलेली अट कुठेही तोडा, वाचणारा रडणारच. तिथे अर्ध्या अटीला एक नाव देऊन ती वेगळी लिहावी, मग ओळ आपोआप आखूड होते. निम्म्या लांब ओळींना एंटरपेक्षा नावाचीच गरज असते असं माझं मत झालंय.

असो. त्या रात्री यादी आठ ओळींत लिहिली. खाली एक ओळ वाढवली, की संख्या आठ नसेल तर तिथेच थांब. आणि एखाद्या तालुक्यात शून्य मेसेज गेले तर मला मेल ये. मग राहिलेले मेसेज पाठवले आणि मामाला फोन केला.

"आला रे आला," मामा म्हणाला. "पण दोनदा काऊन पाठवला?"

तो बग वेगळा. :)