चाकांवरचं घर घ्यावं का?

गेले दोन महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय निघतो: कॅरव्हान. म्हणजे मोटारीच्या मागं जोडून ओढत न्यायचा ट्रेलर, ज्यात झोपायला पलंग, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असतं. आमचा धाकटा भाऊ दहा वर्षं शारजात होता. हिवाळा आला की तिकडची अरब कुटुंबं वाळवंटात असे ट्रेलर लावून आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळ्यांचा मुक्काम ठोकतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. आता तो पुण्याला कायमचा परतलाय आणि त्याला आपल्या घरासाठी तसंच काही करायचंय. इथल्या एका बांधणाऱ्याकडून त्यानं किंमतही आणली: साडेआठ लाख. पाच लाख त्याचे, साडेतीन आमचे.

आमचे साडेतीन म्हणजे लेकीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. प्रवेश दोन वर्षांनी आहे, तोवर पैसे पुन्हा जमतील, असं छोट्याचं म्हणणं. त्यामुळं हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नाही.

पण छोट्याच्या मनात हौस कमी आणि अम्मी जास्त आहेत, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अम्मी बहात्तर वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेले, उकिडवं बसता येत नाही, त्यात साखर. माहेर दाभोळचं. धाकटी बहीण, म्हणजे आमच्या खाला, अजून तिथंच राहतात. चार वर्षं झाली, अम्मी तिकडं गेलेल्या नाहीत. कुणी विचारलं की म्हणतात, "आता काय राहिलंय तिथं." खरं कारण वेगळं आहे आणि घरातल्या बायकांना ते ठाऊक आहे. रस्त्यावर पेट्रोलपंपाच्या संडासाला एक तर कुलूप असतं, नाहीतर आत घोटाभर पाणी आणि खाली बसायचं भांडं. शेवटच्या प्रवासात अम्मींनी फजरपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. साखर असलेल्या माणसानं दिवसभर पाणी न पिणं किती धोक्याचं, हे डॉक्टरांनी नंतर चांगलंच सुनावलं. आपल्यातल्या किती आई-सासवा असा उपाशी-तहानेला प्रवास करतात, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

तेव्हा चाकांवरचं शौचालय ही कल्पना आम्हाला मुळीच वेडगळ वाटली नाही. म्हणूनच नीट बसून विचार केला.

पहिलीच गोष्ट अशी निघाली की ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये गाडी चालू असताना माणसं बसवायची नसतात. सगळ्यांनी पुढच्या मोटारीत बसायचं, ट्रेलर मागून रिकामा येणार. म्हणजे अम्मींना गरज लागली की आधी थांबायला जागा हवी. मोटार साडेचार मीटर आणि ट्रेलर सहा मीटर, असं साडेदहा मीटरचं लांबलचक प्रकरण महामार्गाच्या कडेला कुठंही उभं करता येत नाही. मागून ट्रक येत असतात. शेवटी पेट्रोलपंप किंवा मोठ्या ढाब्याचं आवारच गाठायचं, जिथं आपण आजही थांबतोच. शिवाय आम्ही नऊ जण. पुढची गाडी सात जणांची. उरलेल्या दोघांसाठी दुसरी गाडी काढावी लागणार, आणि ट्रेलरमध्ये झोपायची सोय पाच जणांची. बाकीचे चौघे तंबूत. छोट्यानं तंबूची किंमत यादीत धरलीच नव्हती.

मग वजन. बांधणारा जे वजन सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात गाद्या, गॅस, भांडी, कपडे आणि पाणी येतं. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढले, यात सूट नाही. आपल्या मोटारीची ओढण्याची मर्यादा किती, ती माहितीपुस्तिकेत दिली असेल तर पाहावी, नसेल तर कंपनीला विचारावं. नुसता मागं हुक बसवून मिळतो म्हणून गाडी ओढायला लायक ठरत नाही. सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला जास्त झालं तर वेगात तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि पुढच्या मोटारीलाही खेचतो. सपाट वाळवंटी रस्त्यावर हे सांभाळता येईल. आमच्या वाटेवर मात्र आधी खंबाटकी, मग कुंभार्ली घाट. उतारावर मागचं सगळं वजन मोटारीला ढकलत राहणार, सतत ब्रेक दाबला तर ब्रेक तापून निकामी होणार, म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरायचं. आणि समोरून एस.टी. आली, मागं घ्यायची वेळ आली, तर ट्रेलर मागं घेताना चाक उलटं फिरवावं लागतं: ट्रेलर उजवीकडं वळवायचा तर स्टिअरिंग डावीकडं. धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीवर हे लांबलचक प्रकरण चढवायचं आणि पलीकडं उतरवायचं, याचा नुसता विचार करूनच छोट्याची बायको म्हणाली, "मी आधी उतरून चालत जाईन, तुम्ही या मागून."

पाण्याचा हिशोब तर आमच्या घरचा खास. नऊपैकी नमाज पढणारे सात. नळ वाहता सोडून वुजू केला तर माणशी सहज तीन लिटर जातं. सात माणसं, पाच वेळा, म्हणजे 105 लिटर. स्वयंपाक आणि शौचालय सोडाच, नुसत्या वुजूतच टाकी इशाला कोरडी! यावर अम्मींनी आठवण करून दिली की रसूलुल्लाह (स.) एक मुद् पाण्यात वुजू करत, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. त्या मापानं दिवसाचं काम पंचवीस-सव्वीस लिटरांत होतं. ट्रेलर येवो न येवो, आमच्या न्हाणीघरात आता तांब्या आलाय आणि नळ बंद असतो.

थांबे किती घ्यायचे यातही आमच्याकडं गंमत आहे. अम्मी कोकणातल्या, शाफई. अब्बांचं घराणं मिरजेचं, हनफी. प्रवासात कसर सगळेच करतो, चारच्या दोन रकअत. पण अम्मी जोहर आणि असर एकत्र पढून मोकळ्या होतात आणि आम्हाला असरसाठी पुन्हा थांबावं लागतं. दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे. फक्त गाडीचं वेळापत्रक करताना हे आधी मांडावं लागतं, नाहीतर भर घाटात आठवण होते.

आता पैशाचं. छोट्याचा अंदाज होता की वर्षाला तीस रात्री आपण बाहेर असतो. आम्ही गेल्या वर्षाची डायरी काढली. बाहेरच्या रात्री निघाल्या बावीस. त्यातल्या तेरा नातेवाइकांच्या घरी: मिरजेला लग्न, सोलापूरला अकीका, दाभोळला ईदनंतरची भेट, हैदराबादला मामूंकडं. आता सांगा, मामूंच्या दारात आपण ट्रेलर उभा करून त्यातच झोपलो तर मामू पुन्हा आपला सलाम घेतील का? आपल्या घरांत पाहुण्यानं बाहेर झोपणं म्हणजे यजमानाचं नाक कापणं. तेव्हा खऱ्या कामाच्या रात्री उरल्या नऊ. मे महिन्यात पाच, दिवाळीच्या सुट्टीत तीन, खुलदाबादला एक.

पाच वर्षांनी ट्रेलर चार लाखांना विकला जाईल असं धरलं, तर साडेचार लाख गेले. आमच्या सोसायटीत स्वतःच्या मोटारीलाच जागा पुरत नाही, म्हणून बाहेर उभा करायचं भाडं महिना दोन हजार, पाच वर्षांचे एक लाख वीस हजार. ट्रेलरची नोंदणी वेगळी, विमा वेगळा. तो चालो न चालो, टायर उन्हानं म्हातारे होतात आणि चार महिन्यांच्या पावसात छपराचे सांधे गळतात. त्या सगळ्याचे साठ हजार. एकूण सहा लाख तीस हजार. छोट्याच्या तीस रात्रींनी भागलं तर रात्रीला 4,200 पडतात आणि सौदा बरा दिसतो. डायरीतल्या नऊ रात्रींनी भागलं तर 14,000. समुद्राकाठी घरगुती निवासात तीन खोल्या आम्हाला साडेसात हजारांत मिळतात, नऊच्या नऊ जण छपराखाली झोपतात आणि चादरी दुसरं कुणी धुतं. जादा डिझेल तर आम्ही धरलंच नाही.

मधल्या काळात ट्रेलर भाड्यानं देऊ, हीही सूचना आली. खासगी नोंदणीचं वाहन भाड्यानं देता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी लागते आणि मग तो धंदा होतो, सहल राहत नाही. बांधणाऱ्यानं बँकेचं कर्ज करून देण्याची तयारी दाखवली होती. सूद देऊन सहलीची वस्तू आणायची नाही, यावर घरात चर्चाच झाली नाही. मग छोट्यानं शेवटचं अस्त्र काढलं: बँकेत पडलेल्या पैशावर दरसाल अडीच टक्के जकात जाते, वापराच्या वाहनावर जकात नसते. अम्मी त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "जकात वाचवायला गाडी घेणार का रे?" तो विषय तिथंच मिटला.

आणखी एक गोष्ट बैठकीत पुरुषांनी काढली नाही, म्हणून इथं काढतो. ट्रेलरमध्ये ओटा असतो. हलालची काळजी नको, बाहेरचं तेलकट नको, घरचंच शिजवू, असं ऐकायला फार छान वाटतं. पण तिथं शिजवणार कोण? वर्षात नऊ रात्री ज्या बायकांना चुलीपासून सुट्टी मिळते, त्या रात्री दोन बर्नरच्या ओट्यापाशी वाकून नऊ माणसांच्या रोट्या? आणि शौचालयाची टाकी रोज कुठंतरी योग्य जागी रिकामी करावी लागते. ते काम कुणाचं, असं विचारल्यावर सगळे मोबाइलमध्ये बघू लागले.

ट्रेलर वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. ज्यांची स्वतःची वाडी किंवा मोठं अंगण आहे, चार-पाच माणसांचं घर आहे, ताकदीची गाडी आहे आणि जे एका जागी आठ-दहा दिवस मुक्काम करतात, त्यांना तो शोभेल. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलंय, तेव्हा वीज-पाणी जोडून उभं राहायच्या जागा जशा वाढतील तसं चित्र बदलेलही. तोवर ज्यांना हौस असेल त्यांनी आधी दोन-तीन रात्रींसाठी कॅरव्हान भाड्यानं घेऊन बघावी. एक रात्र पावसाळ्याच्या तोंडावर काढावी म्हणजे सगळं कळतं.

आमच्यापुरता निकाल असा लागला. ट्रेलर नाही. लेकीचे साडेतीन लाख होते तिथंच. आणि अम्मींसाठी वैद्यकीय सामानाच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची आणली, काही हजारांत. तिचं खालचं भांडं काढलं की ती खाली बसायच्या संडासावरही ठेवता येते, त्यामुळं वाटेत कुठलाही स्वच्छ संडास चालतो. घेताना तीन गोष्टी पाहिल्या: पायांना जाड रबर आहे का, किती किलो वजन पेलते, आणि उघडल्यावर संडासाच्या अरुंद दारातून आत जाते का. पहिली खुर्ची या तिसऱ्या परीक्षेत नापास झाली, दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बारा आसनी गाडी चालकासह ठरवली आहे. नऊच्या नऊ एकत्र, मागं खुर्ची, पाण्याचा वीस लिटरचा जार आणि तांब्या. दर दीड तासानं थांबायचं. साताऱ्याला ओळखीचं घर आहे, कराडला आमच्या चुलत बहिणीकडं जेवण आणि जोहर, पुढं पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण आणि फेरीबोटीनं दाभोळ. खालांना फोन केला तर त्या रडायलाच लागल्या. अम्मी अजून "बघू" म्हणतात, पण परवा त्यांनी कपाटातून गरम शाल बाहेर काढून उन्हात टाकली. छोटा थोडा हिरमुसला आहे. त्याला आम्ही थांब्यांचा नकाशा करायला बसवलंय आणि त्या कामात तो आता रंगलाय.

नकाशात एकच तुकडा रिकामा आहे. कराडपासून चिपळूणपर्यंत असरला थांबता येईल आणि बायकांसाठी वुजूची वेगळी सोय, स्वच्छ संडास आणि चार पायऱ्यांपेक्षा कमी चढ असेल अशी मशीद किंवा जागा वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं. दुसऱ्या मार्गांवरच्या जागा कळवल्या तरी चालतील. वीस-पंचवीस जमल्या की आम्ही इथंच छापू, इन्शाअल्लाह.