भय, श्रद्धा आणि पहारा

ख्रिस्ती धर्मांतराचा विषय निघाला कीं आपल्या सुशिक्षित घरांत दोन मतें हटकून ऐकूं येतात. पहिलें असें कीं, या देशांत जो कोणी ख्रिस्ती झाला तो तलवारीच्या, उपासमारीच्या किंवा नरकाच्या भयानें झाला. श्रद्धेचा तेथें संबंध नाहीं. दुसरें मत धर्मप्रसारकांच्या कैवाऱ्यांचें. ते म्हणतात, भय हें श्रद्धेचें दार आहे. आजा भिऊन आंत आला असेल, पण नातू प्रेमानें गुडघे टेकतो. मग आरंभाची चिकित्सा कशाला? हीं मतें एकमेकांस छेदणारीं दिसतात. पण भयानें धर्म देतां येतो, हें दोहोंसही मान्य आहे. आमचा वाद या गृहीताशीं आहे.

माणसाच्या अंतःकरणांत शिरून पाहतां येत नाहीं, हें खरें. तरी भय आणि श्रद्धा ओळखण्याची एक बाहेरची खूण आहे. भयानें आणलेल्या माणसावर पहारा ठेवावा लागतो. श्रद्धेनें आलेल्यावर तो ठेवण्याचें कारण पडत नाहीं.

गोमंतकाचा इतिहास या कसोटीस लावून पाहावा. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें जमीनदोस्त झालीं. १५५९ च्या फर्मानानें पितृहीन हिंदु मुलांना पाद्र्यांच्या स्वाधीन करून बाप्तिस्मा देण्याची तजवीज झाली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, ती याच धामधुमींत. भयाचा विजय झाला असें येथें कोणी म्हणेल. मग १५६० मध्यें इन्क्विझिशन नांवाची धर्मन्यायसभा कशाला बसवावी लागली? तिच्यापुढें मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेलेच लोक उभे केले जात. ज्यांना जिंकलें म्हणून घंटा वाजविल्या, त्यांचाच भरंवसा वाटेना! आणि ही शंका एका पिढींत फिटली असेंही नाहीं. तिच्या स्थापनेला पावणेदोनशें वर्षें लोटल्यावर, १७३६ सालीं, ख्रिस्ती घरांच्या आवारांत तुळस नसावी, पुरुषांनीं धोतर नेसूं नये, असे हुकूम या सभेला काढावे लागले. पावणेदोनशें वर्षांनींही जें तुळशीच्या रोपाला भितें, त्या भयानें काय कमावलें?

त्याच भूमींत याच्या उलट एक प्रयत्न झाला. १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनें इथली भाषा आत्मसात केली आणि तिच्या ओवींत ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ मध्यें छापलें गेलें. ज्याला मन वळवावयाचें आहे तो ऐकणाऱ्याची भाषा शिकतो; ज्याला वाकवावयाचें आहे तो ती हिसकावून घेतो. १६८४ मध्यें सरकारी फर्मान निघालें कीं, लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी!

१८१२ मध्यें इन्क्विझिशन कायमचें उठलें. त्यानंतर गोव्यांतील चर्चें ओस पडलीं काय? नाहीं. ही एक गोष्ट दोन्ही पक्षांस निरुत्तर करणारी आहे. पहारा उठल्यावरही जे प्रार्थनेस जात राहिले, त्यांच्या वंशजांना भयाचे गुलाम म्हणणें हा निव्वळ अन्याय होय. आणि पहाऱ्यावांचून ती श्रद्धा टिकत होती, तर अडीचशें वर्षें तो पहारा कशासाठीं होता, याचें उत्तर कैवाऱ्यांनीं द्यावें. नातवाच्या श्रद्धेचें श्रेय आज्याला दाखविलेल्या धाकास देतां येत नाहीं. पळवून नेलेल्या मुलाला परक्या घरीं माया लाभली, म्हणून पळविणें पुण्य ठरत नाहीं.

आतां श्रद्धेनें गेलेलीं माणसें पाहा. पंडिता रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. फुलहॅम येथें पतित स्त्रियांची ख्रिस्ती भगिनींनीं चालविलेली सेवा पाहून आपलें मन पालटूं लागलें, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. तेथें नरकाची धमकी नव्हती, करुणेचें दर्शन होतें. आणि त्यानंतर याच रमाबाईंनीं चर्चच्या वडीलधाऱ्यांशीं सिद्धांतांवरून निर्भयपणें वाद मांडला. नारायण वामन टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले. १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेल्या नाहींत. पांच वर्षांनीं, आपल्या विचारानें गेल्या. भिऊन आलेला माणूस घरधन्याशीं असा वाद घालीत नाहीं, आणि सवडीनेंही येत नाहीं.

येथवर वाचून संतोष पावणाऱ्या वाचकांस आतां एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आपल्या वेशीवरही पहारा होताच. १८५० चा एकविसावा कायदा होईपर्यंत धर्म सोडणाऱ्याचा वडिलार्जित मिळकतीवरचा हक्क बुडत असे. मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपत शेषाद्रि या मुलास प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची खटपट १८४३ मध्यें बाळशास्त्री जांभेकरांनीं केली, तेव्हां सनातन्यांनीं त्यांच्यावरच काहूर उठविलें. जाण्याचें भय घातलें आणि परतण्याची वाटही अडविली! अलीकडच्या काळांत ओरिसाच्या १९६७ च्या आणि मध्य प्रदेशच्या १९६८ च्या कायद्यांनीं दैवी कोपाची धमकी 'बळजबरी'च्या व्याख्येंत घातली. धमकीला शिक्षा असावी, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु मध्य प्रदेशच्या त्याच कायद्यानें धर्मांतराची वर्दी जिल्हाधिकाऱ्याकडे देण्याची सक्ती केली. म्हणजे धमकीबरोबर श्रद्धेवरही पहारा आला. गोव्याच्या पहाऱ्याला जुलूम म्हणावयाचें आणि आपल्या पहाऱ्याला धर्मरक्षण, हा न्याय कोणता?

दुसऱ्याचा धर्म भयावर उभा आहे असें म्हणण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबप्रमुखानें आपल्या घरापुरता एक प्रश्न स्वतःस विचारावा: माझीं मुलें माझ्या धर्मांत आहेत, तीं त्यावरील श्रद्धेनें, कीं मला भिऊन? या प्रश्नाचा ज्याला राग येईल, त्याच्या दारावर पहारा आहे असें खुशाल समजावें.