संकटकाळची आशा

उल्हास नदीचे पाणी चढू लागले की बदलापूरच्या सखल भागातील पालकांस २६ जुलै २००५ चा पूर आजही आठवतो. अशा वेळी मुले आम्हांस विचारतात, "आपण प्रार्थना केली तर पूर येणार नाही ना?" 'येणार नाही' असे म्हणणे सोपे आहे, परंतु तसे म्हणू नये, असे आमचे मत आहे. पुढे पूर आलाच, तर त्या उत्तराबरोबर लेकराची श्रद्धाही वाहून जावयाची.

पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. दुष्काळाच्या वर्षांत त्यांचे आईबाप अन्नान्न दशेत गेले. १८८२ साली पती निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मग तरी दुःख थांबले काय? १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाही गेली. (पाठ्यपुस्तकांत हे सहसा येत नाही.) बाईंचे बायबलाचे मराठी भाषांतर मात्र त्यानंतरही चालूच राहिले.

आम्हांस मोठी वाटते ती १८९६-९७ च्या दुष्काळातील गोष्ट. ज्या भुकेने आपले घर बुडविले, त्याच भुकेच्या मुलखात, मध्य प्रांतात, त्या स्वतः गेल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यांच्यासाठीच उभे राहिले. प्रभूवरील आशा ती हीच, असे आम्ही समजतो.

तेव्हा यंदा तो प्रश्न आला, तर मुलांसह प्रार्थना करून आम्ही त्यांस शेजारच्या आजीबाईंचे धान्याचे डबे माळ्यावर चढवावयास धाडणार आहोत.