होडी पाहून, लॅपटॉप झाकून!

आमच्या आगरदांड्याला जुनी होडी विकत घेणारा माणूस सौद्याच्या दिवशी रंगाकडे ढुंकूनही पाहत नाही. तो फळ्या ठोकतो, सांधे चाचपतो, इंजिन सुरू करतो आणि राजपुरीच्या खाडीत एक फेरी मारल्याशिवाय खिशात हात घालत नाही. हाच गृहस्थ मुलासाठी लॅपटॉप घ्यायला निघाला की त्याची अक्कल जेट्टीवरच राहते! झाकण चकचकीत आहे, खोके सीलबंद आहे आणि दुकानदार 'सगळं चालतं' म्हणतो, एवढ्यावर तो पैसे मोजून मोकळा होतो. लोकांना नावे कशाला ठेवा? मीही तसाच मोकळा झालो होतो.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ फार जुन्या प्रोसेसरांना पंक्तीला बसवत नाही. तेव्हा पुष्कळांप्रमाणे मीही लिनक्सकडे वळलो. हेलसिंकीच्या लिनुस टोरवाल्ड्सने विद्यार्थिदशेत, १९९१ मध्ये, आरंभलेले हे काम आज जगभरची माणसे मिळून चालवतात, आणि ते फुकट मिळते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते सुखाने नांदले. पुढे खाऱ्या हवेने त्या लॅपटॉपचा प्राण घेतला म्हणून नवा आणला, त्यावर लिनक्स घातले, तर वायफाय मुके! दुकानदार म्हणाला, "मास्तर, दोष लिनक्सचा."

मी म्हणतो, मुळीच नव्हे! वायफायची चिप चालवणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात असावा लागतो. चिप बनवणारा तो स्वतः लिहून देतो, जसा इंटेल आपल्या वायफायसाठी देते, किंवा निदान माहिती तरी उघड करतो, तिथे घोडे अडत नाही. जो माहिती दडवून बसतो, त्याच्या चिपसाठी परक्यांनी अंधारात चाचपडत ड्रायव्हर लिहायचा. आणि तो जमला नाही की बोल मात्र लिनक्सला! शिवाय मॉडेल कालपरवाच बाजारात आलेले असले, तर तयार ड्रायव्हरही आपल्या हातच्या आवृत्तीत यायला वेळ लागतो. म्हणून लिनक्सवाल्याने वर्ष-दोन वर्षे मुरलेले मॉडेल घ्यावे. कचेऱ्यांतून वापरून निघालेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड मला त्यासाठी अधिक भरवशाचे वाटतात. उबंटूची कॅनॉनिकल कंपनी तपासलेल्या यंत्रांची यादीही प्रसिद्ध करते.

यादी पाहा, पण खाडीत फेरी माराच. लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह खिशात घेऊन दुकानात जा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही. वायफाय जोडा, गाणे लावा, कॅमेऱ्यात तोंड पाहा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करा. झाकण मिटून पुन्हा उघडा. पुष्कळ यंत्रे इथेच झोपतात ती उठत नाहीत. इन्स्क्रिप्ट कळफलक निवडून चार ओळी मराठी लिहा. रॅम आठ जीबी तरी असावी, आणि ती व बॅटरी बदलता येते का हे विचारा. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल, तर नमस्कार करून पायरी उतरा. जो होडी पाण्यात घालू देत नाही, त्याची होडी आपण घेतो काय?

"लिनक्स पंडितांचे, आपल्या पोरांना झेपायचे नाही," असे स्टाफरूममध्ये पुष्कळदा ऐकतो. केरळच्या सरकारी शाळांतली पोरे वर्षानुवर्षे त्यावरच संगणक शिकत आली आहेत. ती काय पोटातून शिकून आली? मात्र ज्याच्या धंद्याचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, त्याने खुशाल विंडोज घ्यावी. हट्ट माझा तपासून घेण्याचा आहे.

दुसऱ्या खेपेला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथल्या एका पोराने हसत हसत पेनड्राइव्ह लावू दिला. वायफाय बोलले, झाकण मिटून उघडले तरी यंत्र जागे झाले, 'आगरदांडा' अनुस्वारासकट उमटले. बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी तेवढी चालली नाही. ती लिनक्सवर अनेकदा चालत नाही. तरीही मी तो घेतला. सही करायला अजून मास्तराला अंगठा लागत नाही!