चार एकर आणि एकटे कुटुंब

मॉरिसव्हिलच्या शनिवारच्या शेतकरी बाजारात भाजी घेताना आपल्यापैकी फार थोड्यांना टिमोथी पिगफर्ड हे नाव आठवत असेल. हे आपल्याच नॉर्थ कॅरोलिनातील कृष्णवर्णीय शेतकरी. शासकीय शेतीकर्ज देताना वर्णभेद होतो, अशी त्यांची व इतर शेतकऱ्यांची तक्रार १९९७ साली न्यायालयात गेली. १९९९ मध्ये तडजोड मंजूर होऊन भरपाईचा मार्ग खुला झाला. पण तोवर कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या. जमीन स्वतःची होती, पेरणीच्या वेळी हाती पैसा नव्हता.

हे दुखणे आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतांविषयीच्या निबंधात दाखवून दिले होते, की शेत किफायतशीर ठरते ते केवळ एकरांच्या मोजमापाने नव्हे, तर त्याला मिळणाऱ्या भांडवलाने व श्रमाने. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते याहून पुढे गेले : जमीन राज्याची, कसणे गावकऱ्यांनी सामुदायिकपणे व जातिभेदाविना, पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे यांची तजवीज राज्याने करावी.

तसे घडले नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पुढे त्यांच्याच नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याचे ठरले. परंतु चार एकर कोरडवाहू रान आणि कसायला एकटे कुटुंब, हे गणित पहिल्याच दुष्काळात कोलमडते.

बिदरच्या पलीकडे, तेलंगणातील झहीराबाद भागात दलित स्त्रियांनी ते वेगळ्या रीतीने मांडले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साह्याने त्यांनी गावोगावी संघ बांधले, पडीक जमिनी मिळून कसल्या, ज्वारी, राळे, तूर अशी पिके एकत्र पेरली आणि बियाणे गावातच राखले. २०१९ साली त्यांच्या कार्यास संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सेंद्रिय शेतीचे गोडवे गाणारे लेखक एक गोष्ट हटकून विसरतात : तेथे संघ आधी आला, शेणखत नंतर.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडील दोन-चार एकरे आज बटाईने दिलेली आहेत आणि येथून जाणारा पैसा स्वतःच्याच बोअरवेलमध्ये जिरतो. तो शेजारच्या चार घरांच्या सामाईक विहिरीसाठी पाठवायचा, तर सातबारा कोणाच्या नावे आणि पाण्याची पाळी कोण लावणार, हे आधी लिहून घ्यावे. आणि त्या कागदावर प्रत्यक्ष कसणाऱ्या स्त्रीचे नाव आहे काय, तेही पाहावे.